हाताने वाचायच्या गोष्टी

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात प्रकल्पाचा आराखडा दिला. विषय होता राहते घर सोडून जाण्याचा अनुभव. अभ्यासासाठी तिने एक मराठी कादंबरी घेतली होती आणि तुलनेला एक व्हिडिओ गेम. मार्गदर्शकांनी आराखड्याच्या चौथ्या ओळीवर लाल शाईने आडवी रेघ मारली आणि समासात लिहिले, 'खेळ म्हणजे साहित्य नव्हे. विषय बदलावा.' विषय बदलला गेला. प्रकल्प वेळेवर सादर झाला, गुणही बरे मिळाले. कोणाचीच काही तक्रार राहिली नाही. नेमकी म्हणूनच ती येथे करावीशी वाटते.

ही मुलगी नौपाड्यात माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. गोखले रोडच्या मागच्या अंगाला अजून काही जुन्या तीन मजली इमारती उरल्या आहेत. त्यांतल्या एकीत तिची आजी लग्न होऊन आली, वडील तिथेच वाढले, आणि तीही. ती इमारत आता पुनर्विकासाला गेली आहे. सभा झाल्या, करारावर सह्या झाल्या, भाड्याच्या जागेचा शोध चालू आहे. नौपाड्यात राहणाऱ्या कोणाला यातले काही समजावून सांगावे लागत नाही. आमच्याकडे निम्म्या घरांत हीच बोलणी चालू असतात. नवी जागा मोठी असेल, लिफ्ट असेल, आणि तरीही ज्या जिन्यावर आपण अभ्यासाच्या नावाखाली गप्पा मारल्या तो जिना जगात कुठेच नसेल. तिला लिहायचे होते ते याविषयी. 'मॅडम, खेळ म्हणजे साहित्य असं मला म्हणायचंच नव्हतं,' ती मला म्हणाली. 'कादंबरीत घर जातं तेव्हा मला काय होतं आणि खेळात घर जातं तेव्हा काय होतं, एवढंच बघायचं होतं. ते वेगळं असतं हो.'

हे 'वेगळं' काय, हा शंभर टक्के समीक्षेचा प्रश्न आहे. तो एका विद्यार्थिनीला पडला आणि तो न विचारण्याबद्दल तिला गुण मिळाले. प्रस्तुत लेख त्या लाल रेघेविरुद्ध आहे. रेघ मारणाऱ्या प्राध्यापकांविरुद्ध नाही. ते वाचणारे, मन लावून शिकवणारे गृहस्थ असणार याविषयी मला शंका नाही. पाच वर्षांपूर्वी तो कागद माझ्यापुढे आला असता तर मीही तीच रेघ मारली असती.

तिने निवडलेला खेळ होता 'फरगॉटन फील्ड्स'. गोव्यातल्या फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह या अगदी लहान निर्मितिसंस्थेने, म्हणजे मुख्यतः अरमान संधू या एकाच माणसाने, तो २०२१ साली प्रसिद्ध केला. त्यापूर्वी, २०१९ साली, त्याचा 'रेनस्वेप्ट' आला होता. 'फरगॉटन फील्ड्स'चा नायक सिड हा लेखक आहे. त्याला पुढचे पुस्तक सुचत नाही आणि मुदत तर जवळ आली आहे. त्याच वेळी त्याच्या लहानपणीचे घर विकले जात आहे, आणि तिथे आईबरोबर व मित्रमंडळींबरोबर एक शेवटची संध्याकाळ घालवण्यासाठी त्याला वेळेत पोचायचे आहे. राक्षस नाहीत, बंदुका नाहीत. गोव्याच्या किनाऱ्याची आठवण करून देणारे एक गाव आहे, उन्हे कलती आहेत, आणि हिंडावे, माणसांशी बोलावे एवढेच काम आहे. आता मला सांगा, न सुचणारा लेखक आणि विकले जाणारे घर ही सामग्री मराठी विभागाला परकी आहे? याच सामग्रीवर आपण किती दिवाळी अंक काढले!

येथे एक कबुली दिली पाहिजे. मी हा खेळ खेळले तेव्हा पहिली वीस मिनिटे माझा सिड भिंतीला नाक लावून उभा होता, कारण डाव्या हाताने चालायचे आणि उजव्या हाताने पाहायचे ही कसरत मला साधेना. पन्नाशीनंतर हातांना नवे वळण लावणे सोपे नाही. परंतु त्या वीस मिनिटांनी मला माझा मुद्दा मिळवून दिला. ही गोष्ट डोळ्यांनी वाचायची नाही, ती हाताने वाचायची आहे. हात शिकेपर्यंत ती पुढे सरकत नाही. आपल्या समीक्षेला जो अडथळा वाटतो तो इथेच आहे. ज्या संहितेला हात लावल्याशिवाय अर्थ नाही, ती संहिताच नव्हे असे आपण धरून चाललो आहोत.

खरोखरच असे मराठीत पूर्वी कधी नव्हते? जात्यावरच्या ओवीचे काय? ओवी ही जात्यावेगळी रचना नाही. तिची लय खुंट्याच्या फेऱ्यातून येते, ओळ कुठे तुटावी हे दम कुठे लागतो त्यावर ठरते, आणि बाईचे दळण संपले की ओवीही थांबते. छापील पुस्तकात आपण वाचतो तो त्या ओवीचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा हाताला आलेल्या घट्ट्यांत होता. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि आज लोकसाहित्याची प्रश्नपत्रिका ओवीवाचून पुरी होत नाही. जे हातांच्या कामाशी बांधलेले आहे ते साहित्य नव्हे, हा निकष त्या वेळी कोणी लावला असता तर मराठीतल्या बायकांचे सर्वांत मोठे काव्यधन आपण पिठाबरोबर चाळून टाकले असते. (कोणी लावलाच नव्हता असेही नाही. लोकसाहित्याला विद्यापीठात पाटावर बसायला मिळण्यापूर्वी बराच काळ उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागले.)

माझे म्हणणे असे नाही की व्हिडिओ गेम म्हणजे ओवी. असली समीकरणे मांडून टाळ्या मिळतात, समज वाढत नाही. म्हणणे एवढेच की शब्द, चित्र आणि हाताची हालचाल यांनी मिळून होणारा अर्थ कसा वाचावा याची सवय मराठी अभ्यासकाला आहे. कीर्तन, दशावतार, तमाशा आपण याच सवयीने वाचतो. सापशिडीचे जुने रूप असलेल्या मोक्षपटाशी परंपरेने ज्ञानेश्वरांचे नाव जोडले जाते. ते खरे की भाविकांची कल्पना, हा वाद बाजूला ठेवू, परंतु सद्गुणाच्या घरातून वर चढणे आणि दुर्गुणाच्या तोंडातून खाली येणे हे कवड्या टाकणाऱ्याच्या हातून घडवून आणणारी ती एक नीतिकथाच आहे, हे कोणी नाकारीत नाही. म्हणजे जुना झाला की खेळ संस्कृती, नवा असला की बालिशपणा.

सिनेमाचे उदाहरण तर हाताशीच आहे. अत्रे, खांडेकर, माडगूळकर, पु. ल. ही मंडळी सिनेमाकडे गेली तेव्हाही शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली असतील, पण अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, आणि आज माध्यमांतर हा विषय अभ्यासक्रमात मानाने बसला आहे. कादंबरीचा सिनेमा झाला तर चर्चासत्र घ्यायचे आणि त्याच वयाची, त्याच वेदनेची गोष्ट कोणी खेळात सांगितली तर रेघ मारायची, यामागे कोणता साहित्यविचार आहे तो मला कोणी समजावून सांगावा.

जगात हा वाद होऊन गेला आहे. योहान हुइझिंगाने 'होमो लुडेन्स'मध्ये खेळ हाच संस्कृतीचा पाया मानला, ते १९३८ साल होते. एस्पेन आर्सेथचे 'सायबरटेक्स्ट' आणि जॅनेट मरेचे 'हॅम्लेट ऑन द होलोडेक' ही दोन्ही पुस्तके १९९७ची. पुढे खेळ कथा म्हणून वाचावा की नियमांची रचना म्हणून, यावर अभ्यासकांत चांगली खडाजंगी झाली. आपल्याच देशात कोलकात्याच्या सौविक मुखर्जींनी २०१५ साली व्हिडिओ गेम आणि कथन यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. आमच्याकडे वादाचे एक पर्व न होताच निकाल लागला, तोही समासात, सहा शब्दांत.

आता ज्या प्रकारच्या खेळांविषयी मी बोलते आहे त्यांना इंग्रजीत 'इंडी' म्हणतात, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, एकट्यादुकट्याने किंवा चारदोन मित्रांनी पदरमोड करून केलेले खेळ. साठोत्तरी लघुनियतकालिकांवर ज्यांनी प्रबंध लिहिले त्यांना तरी या शब्दाची ओळख पटायला हवी. 'असो' आणि 'वाचा' यांनाही कोणी मोठा प्रकाशक नव्हता, खप नव्हता, आणि प्रतिष्ठितांच्या लेखी तो पोरखेळच होता. पोरखेळ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे.

यांतल्या पुष्कळ खेळांचा विषय वयात येणे हा असतो आणि त्यांच्या जाहिरातीत एक विशेषण हमखास आढळते. मराठीत त्याला 'हृदयस्पर्शी' म्हणू. माझा खरा राग या विशेषणावर आहे. ते सिनेमावरून पुस्तकाच्या मलपृष्ठावर आले, तिथून खेळांवर चिकटले. हृदयस्पर्शी म्हटले की पुढे काही विचारायचे नाही. कोणाच्या हृदयाला स्पर्श? कशाने? त्यासाठी गोष्टीतल्या मुलाने काय गमावले? मराठी समीक्षकांनी या खेळांकडे पाठ फिरवल्यामुळे झाले आहे ते असे, की आमच्या मुलांच्या मनावर ज्या गोष्टींचा सर्वांत खोल ठसा उमटतो त्यांच्याविषयी बोलायला मुलांपाशी जाहिरातदाराचे एक विशेषण तेवढे आहे. दुसरी भाषा त्यांना कोणी दिलीच नाही. ती देणे हे आपले काम होते.

वयात येण्याच्या गोष्टींची मराठी परंपरा काही लहान नाही. फुरसुंगीचा बनेश फेणे आहे, गोट्या आहे, 'शाळा'तला मुकुंद आहे. आणि 'श्यामची आई' तर आहेच. या पुस्तकाला आपण इतके आसवांत भिजवून ठेवले आहे की त्यात श्याम काय काय करतो हे आपण विसरतो. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या त्या बेचाळीस रात्रींमधल्या कितीतरी रात्री हाताच्या शिकवणीच्या आहेत. श्याम पत्रावळ लावायला शिकतो. भीतीने लपून बसलेला श्याम मार खाऊन का होईना पोहायला जातो. कळ्या कधी तोडू नयेत हे त्याला फुले तोडूनच कळते. उपदेश नंतर येतो, आधी हात चुकतो. जो मुलगा पत्रावळ लावू शकत नव्हता तो लावू शकला, हे त्याचे मोठे होणे. साने गुरुजींना ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तक मंडळांपेक्षा चांगली ठाऊक होती.

याच कसोटीवर मी 'वेण्बा' हा खेळ वाचते. टोरोंटोच्या विसई गेम्स या लहानशा संस्थेने तो २०२३ साली काढला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तमिळनाडूतून कॅनडात गेलेल्या वेण्बा आणि पावलन या जोडप्याची व त्यांच्या कविन या मुलाची ही गोष्ट. वेण्बाजवळ आईची पाककृतींची वही आहे, पण ती फाटलेली आहे, अक्षरे पुसलेली आहेत. गहाळ पायरी आपण शोधायची आणि पदार्थ करायचा. इडलीपात्र नीट रचायचे, पुट्टूचा क्रम जमवायचा. चुकले की पुन्हा. मधल्या काळात मुलगा वाढतो, शाळेत जातो, डब्यातल्या वासाची त्याला लाज वाटू लागते, आईच्या भाषेपासून तो सरकत जातो. पडद्यावर अक्षरेच धूसर होतात. आई बोलते आहे आणि मुलाला ते पुरते कळत नाही, हे कोणी सांगत नाही, आपल्याला वाचता येत नाही म्हणून ते कळते. आणि शेवटी तोच मुलगा ती वही घेऊन स्वतः चुलीपाशी उभा राहतो, तुटक्या तमिळने अक्षर अक्षर लावत. आता हात त्याचे आहेत, म्हणजे आपले. जे आईच्या हातांनी आपण इतका वेळ सहज केले ते आता जमत नाही. भाषा गमावणे म्हणजे काय, यावर मी परिसंवाद पुष्कळ ऐकले आहेत. हे असे बोटांना कधी जाणवले नव्हते.

हा खेळ त्या विद्यार्थिनीने माझ्याकडे लॅपटॉपवर आणला तेव्हा तिची आजीही बरोबर आली होती. मेथी निवडत बसली होती. पडद्यावरची इडलीची ताटे पाहून म्हणाली, 'अगं, अशी एकावर एक नको ठेवूस, फिरवून ठेव जरा. वाफेला वाट नको का?' नातीने फिरवली आणि इडल्या झाल्या. आजीला भारी मौज वाटली. पुढे कविन आईला तोडून बोलू लागला तेव्हा नात तिला मराठीत अर्थ सांगत होती. आजीने जुडी खाली ठेवली. 'तुझ्या काकाची मुलं अशीच बोलतात,' ती म्हणाली. काकाची मुले कॅनडात नाहीत. ती घोडबंदर रोडला राहतात.

तमिळ जाणणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला नको. वेण्बा हे नायिकेचे नाव आहे तसेच ते तमिळ काव्यशास्त्रातल्या एका जुन्या छंदाचे नाव आहे. तिरुक्कुरळ ज्यात रचले गेले तो कुरळ वेण्बा याच कुळातला. घराण्याच्या चालीसारखा एक छंद आईच्या रूपाने परदेशात जातो आणि मुलाच्या तोंडी तो मोडतो. खेळ करणाऱ्यांना आपले काव्यशास्त्र माहीत होते. ते त्यांनी मिरवले नाही, एका नावात ठेवून दिले. २०२४ साली या खेळाला बाफ्टाचे पदार्पणाचे पारितोषिक मिळाले आणि स्वतंत्र खेळांच्या महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिकही. तमिळला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला २००४ साली, मराठीला ऑक्टोबर २०२४मध्ये. आपण पेढे वाटले. त्यात गैर काही नाही, मीही दोन खाल्ले. परंतु आपल्याकडेही ओवी हे एका छंदाचे नाव आहे आणि अलीकडे ते मुलींचे आवडते नाव झाले आहे. नौपाड्यातल्या कुठल्याही बागेत संध्याकाळी 'ओवी' अशी हाक मारून पाहा, दोघीतिघी वळतील. आपल्या छंदाचे नाव आपण मुलींना ठेवले. त्यांना वाढवताना कोणती गोष्ट द्यायची, हा विचार मात्र दुसऱ्यांवर सोपवला.

पुण्यात खेळ होत नाहीत का? होतात. नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' पुण्यातलाच. २०१७ साली त्यांचा लोकवर्गणी जमवण्याचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी चिकाटी सोडली नाही आणि २०२० साली खेळ पुरा केला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन होते. खेळ इंग्रजी बोलत आला, हिंदी आवाज त्याला २०२२च्या सुधारित आवृत्तीत मिळाला. राजी ही डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी मुलगी, तिच्या भावाला, गोलूला, महाबलासुराचे राक्षस पळवून नेतात आणि ती त्याला शोधत निघते. राजस्थानी महाल, पहाडी चित्रशैलीचे रंग, छायाबाहुल्यांचे प्रवेश, आणि दुर्गा व विष्णू यांचे निवेदन. पाहताना डोळे निवतात, हे मी मोकळेपणाने म्हणते.

पण या खेळाविषयी मी जे जे वाचले त्यात बहुतेक अभिमानच होता. भारतीय खेळ, भारतीय पुराणे, जगाने दखल घेतली, हृदयस्पर्शी भाऊबहीण. कोणी त्याच्याशी भांडले नाही. मला भांडायचे आहे. राजीचे गोलूवरचे प्रेम आपल्याला चित्रांतून आणि निवेदनातून सांगितले जाते. हाताला मात्र बहुतेक वेळ त्रिशूळ चालवण्याचे काम आहे. दुर्गा त्रिशूळ देते, विष्णू धनुष्य देतो, आणि मुलगी प्रत्येक अंगणात तोच तोच संहार करीत पुढे जाते. ती अधिक समर्थ होते, पण मोठी होते का? जो हात अवघा वेळ मारतो आहे त्याला बहिणीपणाचे काय कळणार? अपवाद एकच, आणि तो फार चांगला आहे. अधूनमधून चित्राची तुटलेली वर्तुळे फिरवून जुळवायची असतात आणि जुळली की भावंडांच्या बालपणाची एक आठवण उभी राहते. तिथे स्मरण हे हाताचे काम होते. त्या एका कल्पनेवर सारा खेळ उभा राहिला असता तर! शिवाय शेवट असा अर्धवट तुटतो की पुढच्या भागाची सोय तेवढी लक्षात राहते.

माझे हे मत चूक असू शकेल. खेळणाऱ्यांनी ते खोडून काढावे. परंतु पुण्यातल्या त्या कलावंतांना नामांकन मिळाले, कौतुक मिळाले, आणि त्यांच्याच शहरात एवढी मराठी विद्वत्ता असून एक कडक परीक्षण मिळाले नाही, हा त्यांचा तोटा आहे. नव्या कवीला आपण निदान झोडपतो तरी. टीका हासुद्धा एक प्रकारचा पाहुणचार असतो, तो आपण त्यांना नाकारला. इंडोनेशियात, सुराबायाच्या मोजिकेन स्टुडिओने 'अ स्पेस फॉर द अनबाउंड' या खेळात १९९०च्या दशकातले एक निमशहर, शाळेचा गणवेश आणि बाटल्यांची बुचे जमवणारी मुले उभी केली. शालेय वयातले दुःख त्यात इतके उघडे आहे की काही ठिकाणी मला थांबावे लागले. २०२३ साली तो आला. 'शाळा' लिहिली गेली त्या भाषेला हे सुचू नये असे काही नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला नेहमीचा, मुले बिघडतात, पैसे उडवतात, वाचन सुटते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये कायद्याने बंदी घातली. त्या खेळांनी घरे उद्ध्वस्त केली हे मला मान्य आहे. परंतु मटक्याचा आकडा छापला जातो म्हणून आपण छपाईवर राग धरीत नाही. वाचनाचे म्हणाल तर वाचनसंस्कृतीच्या काळजीचे परिसंवाद मी ठाण्यात आणि डोंबिवलीत इतके ऐकले आहेत की त्यांतली वाक्ये मला पाठ आहेत. ठाण्याला १८९३ सालापासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. २०१० साली इथे साहित्य संमेलन झाले, २०१७ साली डोंबिवलीत. काळजी करणारे पुष्कळ आहेत. पण जी मुलगी कादंबरी आणि खेळ एका टेबलावर घेऊन बसली होती, तिच्या टेबलावर कादंबरी होती याकडे कोणी पाहिले का? खेळ उचलून घेतला तेव्हा तिने पर्यायी विषय म्हणून काय घेतले असेल? मागच्या वर्षीच्या प्रकल्पांतून शोधून काढलेला, बिनधोक विषय. कादंबरीही गेलीच.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो एका मित्राने मला घातला. तो म्हणाला, साहित्यात अटळता असते. लेखकाने जे घडवले त्यापुढे वाचक निरुपाय असतो, आणि त्या निरुपायातूनच करुणा येते. खेळात मात्र खेळणाराच कर्ता. जिथे मागे फिरून दुसरा पर्याय निवडता येतो तिथे शोकांतिका कशी होईल? मी यावर पुष्कळ दिवस विचार केला. अनेक खेळांना हा आक्षेप लागू पडतो आणि तिथे तो चालवावाच. परंतु 'वेण्बा'त संवादांचे पर्याय समोर येतात आणि तरीही ते कुटुंब जिथे जायचे तिथेच जाते. कविनला मी आईशी गोड बोलायला लावू शकले नाही. प्रयत्न केला, बटण माझ्याच हाताखाली होते, तरी नाही. वाचकाचा निरुपाय हा पाहणाऱ्याचा असतो, हा करणाऱ्याचा होता. शोकात्म अनुभवात या दुसऱ्या निरुपायाला कोणती जागा द्यायची, यावर मी आणि तो मित्र अजून भांडतो आहोत. अशी भांडणे एम.ए.च्या वर्गात व्हावीत, एवढीच माझी मागणी आहे. खेळांना पाठ्यपुस्तकात घाला असे मी म्हणत नाही. कृपा करून घालू नका, आपण पाठ्यपुस्तकात घातलेल्या गोष्टींचे पुढे काय होते ते मला माहीत आहे. प्रकल्पाचा विषय म्हणून कोणी घेऊन आला तर त्याला बसवून घ्यावे, काय दिसते ते सांग म्हणावे, आणि जे सांगेल ते पुरेसे नसेल तर गुण कापावेत.

त्या विद्यार्थिनीने तो रेघ मारलेला आराखडा जपून ठेवला आहे. सामानाची बांधाबांध सुरू झाली आहे आणि मधल्या खोलीत खोकी रचलेली आहेत. परवा तिने मला विचारले, प्रकल्प झाला, आता कोणी तपासायचे नाही, तर हे लिहून काढू का? मी म्हटले, जिना पाडायच्या आधी लिही. त्या मार्गदर्शकांनाही माझे एक निमंत्रण आहे. 'वेण्बा' जेमतेम दीड तासाचा आहे. एखाद्या रविवारी यावे, चहा मी करीन. इडलीची ताटे मात्र त्यांनी स्वतः फिरवायची.